सकाळी अडणारी डिझेल गाडी आणि गोव्यातली थंडी

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची १.३ लिटर कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारी) डिझेल हॅचबॅक, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. डिसेंबरपासून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, कधी कधी दोन-तीनदा. एकदा सुरू झाली की मग दिवसभर हाफ सेल्फला लागते. मेस्त्री म्हणतो थंडी पडली आहे, चारही हिटर प्लग (सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे) आणि बॅटरी बदलून टाकूया. बदलावं का?

एवढ्या माहितीवर तरी नको. मेस्त्रीचं निदान चुकीचंच आहे असं मी म्हणत नाही, पण ते अजून निदान झालेलंच नाही. ‘सकाळी अडते’ म्हणजे ‘थंडीमुळे अडते’ असं आपण पटकन धरून चालतो. रात्रभरात गाडीच्या बाबतीत तीन गोष्टी होतात: इंजिन गार पडतं, बॅटरी चार्जिंगशिवाय राहते, आणि डिझेलची लाइन आठ-दहा तास न हलता उभी राहते. या तिघांपैकी गोव्यात सगळ्यात कमी दोषी असते ती पहिली गोष्ट.

आकडे बघा. पणजीत जानेवारीतलं पहाटेचं किमान तापमान साधारण १९-२० अंश असतं. फोंड्याला थोडं कमी, सत्तरीच्या आतल्या भागात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणखी कमी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं, एवढाच मामला. तुमच्या जातीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १७-१८ पट असतं. वीस अंशांची हवा एवढी दाबली की चारशे अंशांच्या पुढे जाते, आणि डिझेल सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास आपोआप पेट घेतं. म्हणजे निरोगी कॉमन रेल इंजिनाला वीस अंशांत हिटर प्लगची गरजच पडत नाही. प्लग चारही मेलेले असले तरी ते सुरू होतं. फार तर पहिले पाच-दहा सेकंद थोडं अडखळेल, पांढरट धूर सोडेल. डिझेल गोठण्याचा प्रश्न तर इथे उद्भवतच नाही. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं डिझेल आणलं, ती थंडी वेगळी.

इथे एक अपवाद सांगायला हवा, कारण हे उत्तर दुसऱ्या गाड्यांचे मालकही वाचतील. जुन्या टाटा इंडिका, सुमो यांसारख्या गाड्यांतलं मेकॅनिकल पंपाचं, प्री-चेंबरवालं इंजिन असेल तर हिशेब बदलतो. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता बाजूच्या छोट्या कप्प्यात पडतं, आणि त्या कप्प्याच्या गार भिंती उष्णता पिऊन टाकतात. अशा इंजिनांना वीस-पंचवीस अंशांतही हिटर लागतो, प्री-चेंबरच्या काही प्रकारांना तर त्याहून गरम हवेतही. त्या गाडीबद्दल मेस्त्री म्हणाला ‘हिटर गेले’ तर मी आधी त्याच्या बाजूने असेन. तुमच्या गाडीबद्दल नाही.

आता एक चाचणी सुचवतो. तिला ना पैसे लागतात, ना पाना. तुम्ही लिहिलंय की दिवसभर गाडी हाफ सेल्फला सुरू होते. पण दिवसा ती सलग आठ तास उभी राहते का? बहुतेक वेळा राहत नाही. बाजारात अर्धा तास, कुणाच्या घरी दोन तास, एवढंच. एखाद्या दिवशी ती सकाळी नऊला उन्हात लावा, पाट्टोवर ऑफिसला जाणारे लावतात तशी, आणि संध्याकाळी पाच-सहाला सुरू करा. बॉनेटखाली त्या वेळी पस्तीस अंश असतील. तेव्हाही आठ-दहा सेकंद सेल्फ लागला, तर थंडी बाद. दोष उभं राहण्याचा आहे, म्हणजे डिझेल लाइन किंवा बॅटरी. संध्याकाळी मात्र एका फटक्यात लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडली, तर हिटर, कॉम्प्रेशन आणि टेंपरेचर सेन्सर यांच्याकडे बघायला अर्थ आहे. निकाल अर्धवट आला, म्हणजे दहाऐवजी पाच सेकंद लागले, तरी तो लिहून ठेवा. डिझेल लाइनमधली गळती छोटी असेल तर उभं राहण्याचे तास वाढतील तसा सेल्फही वाढत जातो, आणि हा हिशेब पुढे कामी येतो.

दुसरं निरीक्षण सकाळचंच. सेल्फ मारताना दोन गोष्टी बघायच्या: इंजिन किती वेगाने फिरतंय आणि सायलेन्सरमधून काय येतंय. गाडीमागे घरातल्या कुणाला तरी उभं करा. सेल्फ जड, ‘घर्र… घर्र…’ असा फिरत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर आधी बॅटरी आणि वायरिंग. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय पण मागून धूरच नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. आणि सेल्फ चांगला फिरतोय, मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हिटर प्लगचा विषय या तिसऱ्या प्रकारातच येतो. सकाळच्या दमट हवेत थोडी वाफ सगळ्याच गाड्यांतून निघते. तिला वास नसतो आणि ती लगेच विरते, तिच्याशी गल्लत करू नका.

तुमच्या वर्णनात धुराचा उल्लेख नाही, म्हणून तिन्ही वाटा घेतो. पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण तपासायला पाच मिनिटं लागतात. सकाळी गाडीला हात लावण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्टेज घ्या. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे अर्धीच, १२.० ला जवळपास रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. सेल्फ चालू असताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. आधी १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फवर ८ पर्यंत कोसळत असेल तर ती आतून संपली आहे. गोव्यात बॅटरी मरते ती थंडीने नाही, एप्रिल-मेच्या उकाड्याने. उकाड्यात तिचं आयुष्य खर्च होतं, आणि डिसेंबरमध्ये जरा जास्त ताकद लागली की ते उघडं पडतं. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर संशय घ्यायला हरकत नाही, पण बदलण्याआधी हे दोन आकडे हवेत.

आकडे चांगले आले आणि सेल्फ तरी जड फिरतोय, तर अर्थिंग बघा. किनारपट्टीच्या गाड्यांत, मिरामार, वास्को, कळंगुट इकडच्या, खाऱ्या हवेने इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी आतून हिरवी होऊन जाते. वरून ती ठीक दिसते. मीटरचा एक लीड बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर. दुसरा इंजिनाच्या एखाद्या उघड्या, स्वच्छ धातूवर. सेल्फ मारताना तिथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा जोर अर्थमध्येच वाया जातोय. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत असंच मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मीटर नसेल तर जंप स्टार्टची काळी केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या उचलायच्या हुकाला लावून सेल्फ मारा. एकदम जोरात फिरला तर पट्टी बदला. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सुकवा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिनचा हात द्या.

वेगाला एवढं महत्त्व का, तर डिझेल सावकाश फिरवून चालत नाही. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) सेल्फच्या वेळी आरपीएम २०० च्या वर हवेत. दीडशेच्या खाली गेले की दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटायला आणि गार व्हायला वेळ मिळतो, शिवाय हाय प्रेशर पंपही हळू फिरल्याने रेलमध्ये दाब साठत नाही. बॅटरीही अर्धी आणि प्लगही मेलेले, असं एकत्र असेल तर मात्र वीस अंशांतही गाडी अडू शकते. मेस्त्रीचं म्हणणं अगदीच उडवून लावत नाही ते यासाठी.

आता मुख्य मुद्दा. सव्वा लाख किलोमीटर झालेल्या, दिवसभर हाफ सेल्फला लागणाऱ्या, सकाळीच अडणाऱ्या कॉमन रेल गाडीत माझा पहिला संशय असतो डिझेल टाकीकडे परत उतरण्यावर, म्हणजे लाइन एअर घेते यावर.

टाकी मागे, खाली. फिल्टर आणि पंप पुढे, वर. ज्या गाड्यांत टाकीत विजेवरचा पंप नाही, त्यांत इंजिनावरचा फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. गाडी बंद केल्यावर डिझेल लाइनमध्येच टिकून राहतं, कारण वरून हवा आत यायला वाट नसते. कुठे सुईच्या टोकाएवढी जरी वाट झाली, तरी रात्रभरात हवा थेंबाथेंबाने आत शिरते आणि डिझेल खाली उतरतं. शहाळ्यातल्या नळीला वर भोक पडलं की तोंडात पाण्याऐवजी हवाच येते, तसं सकाळी पंपाचं होतं. आठ-दहा सेकंद तो हवा ओढत बसतो, डिझेल आलं की रेलमध्ये दाब चढतो आणि गाडी लागते. दिवसा अर्ध्या-पाऊण तासात एवढं डिझेल उतरत नाही, म्हणून ‘दिवसभर काही त्रास नाही’.

लोक फसतात ते इथेच. ‘खाली डिझेलचा थेंब नाही, मग गळती कसली?’ ही बाजू ओढण्याची आहे, ढकलण्याची नाही. चालू गाडीत तिथे निर्वात असतो, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खालची फरशी कोरडी असणं हा पुरावा नव्हे. टाकीत पंप असलेल्या गाडीत उलट असतं. चावी ऑन केली की मागच्या सीटखाली दोन-चार सेकंद गुणगुण ऐकू येते, आणि अशा गाडीची लाइन चालू असताना दाबाखाली राहत असल्याने गळती बाहेर ओली दिसते. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते चावी ऑन करून, काचा बंद ठेवून ऐका.

तपासायचे तीन उपाय आहेत. पहिला, फिल्टरवर हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी तो दाबा. दोन-तीन दाबांत घट्ट झाला तर लाइन भरलेली आहे. पंधरा-वीस वेळा पोकळ लागला, मग घट्ट झाला, आणि त्यानंतर गाडी एका फटक्यात लागली, तर निदान झालं. दुसरा, रात्री गाडी उतारावर नाक खाली करून लावा. पर्वरी किंवा आल्तिनोवर राहणाऱ्यांना अशी जागा शोधायला लागत नाही, फोंड्यातही चढ-उतार पुष्कळ आहेत. हँडब्रेक ओढा, रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी गिअर न्यूट्रल करायला विसरू नका. टाकी वर आणि इंजिन खाली असलं की डिझेल मागे उतरत नाही. अशा सकाळी गाडी पटकन लागली आणि नाक वर करून लावलेल्या सकाळी जास्तच अडली, तर शंकेला जागा नाही. तिसरा, टाकी फुल करून दोन-तीन सकाळी बघा. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, हेही याच दोषाचं लक्षण.

एअर कुठून घेते ते शोधणं हे चिकाटीचं काम. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता फूटभर पारदर्शक पाइप घाला आणि बुडबुडे बघा. एअर काढल्यानंतर गाडी तापून आयडलला असताना त्यात बुडबुडे अजिबात नसावेत. असतील तर फिल्टरच्या आधी, फिल्टरमध्ये, असं मागे सरकत जायचं. तो पाइप काम झालं की काढा. साधा प्लास्टिकचा पाइप डिझेलने कडक होऊन तडकतो आणि नवीन गळती तुम्हीच बसवलेली असते. माझ्या नजरेत संशयितांचा क्रम असा: फिल्टर हाउसिंगची ओ-रिंग, विशेषतः फिल्टर नुकताच बदलला असेल तर. जुनीच रिंग परत घातली, कोरडी घातली, पिळून बसली. मग फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा स्क्रू आणि पाण्याचा सेन्सर. मग खुद्द प्रायमर. मग क्विक कनेक्टरच्या आतली रिंग. आणि शेवटी नोझलवरून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावरून) उरलेलं डिझेल परत नेणारे बारीक रिटर्न पाइप, जे उष्णतेने खापरासारखे ठिसूळ होतात. यातल्या रिंगा तर हिटर प्लगच्या सेटपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतात.

तरीही सापडत नसेल तर खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरची टाकी. दोन लिटरचा स्वच्छ कॅन डिझेल भरून इंजिनापेक्षा उंचावर बांधायचा. त्यातून फिल्टरच्या मार्गे पंपाला पुरवठा, रिटर्नही त्यातच. रात्रभर असंच सोडून सकाळी सुरू करायची. एका फटक्यात लागली तर इंजिनाचा काही दोष नाही, टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या लाइनमध्येच शोधा. हे गॅरेजमध्येच करावं, धूळ एक कणही जाता कामा नये.

बरेच जण यावर लाइनमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेलला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घालून मोकळे होतात. सकाळचा त्रास जातो, खरं आहे. पण हवेची वाट तशीच राहते. चालू गाडीत ती बुडबुडे ओढत राहते आणि हाय प्रेशर पंपाला, ज्याचं वंगण डिझेलच आहे, कोरडं चालवते. मी तो सल्ला देत नाही.

नोझल खराब आहेत, असंही कुणी तरी तुम्हाला सांगेल. घाई करू नका. नोझलचा रिटर्न वाढला किंवा हाय प्रेशर पंप झिजला तर त्रास सहसा आधी गरम इंजिनाला होतो, कारण गरम डिझेल पातळ असतं आणि जास्त निसटतं. पेट्रोल पंपावर दहा मिनिटं बंद करून परत सुरू करताना अडते, ती त्या रोगाची गाडी. तुमची गरम असताना हाफ सेल्फला लागते, हा नोझल आणि पंप यांच्या बाजूचा चांगला पुरावा आहे. तरी स्कॅनर लावणार असाल तर सकाळच्या पहिल्या सेल्फच्या वेळीच लावा, दुपारी गॅरेजमध्ये गरम गाडीला लावलेला स्कॅनर या प्रश्नाला निरुपयोगी. सेल्फच्या वेळी रेल प्रेशर दीड-दोन सेकंदांत २०० बारच्या पुढे जायला हवं. साधारण १५० ते २५० बारपर्यंत दाब आला नाही, तर बहुतेक ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) नोझल उघडायची आज्ञाच देत नाहीत. दाब सात-आठ सेकंद तळाशी पडून राहतो आणि मग एकदम चढतो, तर हवा. हळूहळू, रडतखडत चढतो, तर झीज किंवा रेलचा व्हॉल्व्ह. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतच नसेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा सेन्सर.

स्कॅनर हातात आहेच तर एक गोष्ट फुकट बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं असायला हवं, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. बाहेर २१ आणि कूलंट सेन्सर ७० म्हणत असेल, तर ईसीयू इंजिन गरम समजून डिझेल कमी देतो आणि हिटरही लावत नाही. छोटा सेन्सर आहे, पण त्याच्या खोट्या बातमीवर पूर्ण सेट हिटर बदललेल्या गाड्या असतात.

पांढरा, झोंबणारा धूर येत असेल तरच हिटरकडे वळा. डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा दिवा लगेच विझतो म्हणजे हिटर गेले, असं नसतं. गरम हवेत ईसीयू तो मुद्दाम लवकर विझवतो, आणि दिवा प्लगची तब्येत दाखवत नाही. प्लगवरची वायर काढा, बारा व्होल्टच्या साध्या टेस्ट बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला तर प्लगची कॉइल शाबूत. मीटरने मोजाल तर चांगला मेटल प्लग अर्धा ते दीड ओहम दाखवतो. स्वस्त मीटरच्या लीडचाच ०.२-०.३ ओहम असतो, तो आधी लीड एकमेकांना टेकवून बघा आणि वजा करा. प्लग बाहेर काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघायची पद्धत सर्रास आहे, पण आधी त्यावरचा व्होल्टेज वाचा. काही प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, त्यांना बारा दिले की चांगला प्लगही तुमच्यासमोर जळतो. चारही प्लग एकदम मेलेले दिसले तर प्लगवर शंका घेण्याआधी रिले आणि मोठा फ्यूज बघा, चौघं एका रात्रीत मरत नाहीत.

काढायचेच असतील तर इंजिन कोमट असताना, आदल्या दिवशी मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून, अगदी हळू, पुढे-मागे करत. आठ मिलिमीटरचा प्लग जोर लावला की हेडमध्ये तुटतो आणि मग सगळ्या गाडीच्या दुरुस्तीपेक्षा तेवढ्या तुकड्याचा खर्च मोठा. बसवताना आठ मिलिमीटरला ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, दहा मिलिमीटरला साधारण १५. म्हणूनच ‘एवीतेवी बदलूनच टाकूया’ हे वाक्य मला आवडत नाही. सव्वा लाख किलोमीटर न हललेला चांगला प्लग विनाकारण छेडायचा नाही.

प्लग ठीक, सेल्फ ठीक, डिझेल ठीक आणि तरी पांढरा धूर, तर कॉम्प्रेशन. त्यात आधी नोझलखालचा तांब्याचा वॉशर बघा. नोझलच्या मुळाशी डांबरासारखा काळा थर जमलाय आणि गार इंजिनात फुस-फुस आवाज येतोय, तर तिथूनच दाब निसटतोय. रिंग-व्हॉल्व्हच्या गोष्टी त्यानंतर.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण पावसाळा नुकताच संपून गेलाय. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिलं पाव लिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी जड, ते तळाला वेगळं दिसतं. काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत जंतू वाढलेत आणि नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवायला हवी. बोटीवर किंवा आखातात काम करणाऱ्यांच्या गाड्या सहा-आठ महिने अर्ध्या टाकीवर उभ्या असतात, त्यांच्यात हे हमखास सापडतं. लांब जाताना टाकी फुल करून ठेवली की दमट हवेला आत जागा उरत नाही. स्क्रू परत बसवताना त्याची रिंग तपासा, नाही तर पाणी काढताना एअरची वाट करून ठेवाल.

तोवर सकाळी गाडी काढताना काही गोष्टी टाळा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाही तर सेल्फचं आर्मेचर जळेल. एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू देऊ नका. हिटर लाल असताना तो वाफारा वेळेआधी पेटतो आणि पिस्टन-रिंगा फुटतात. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल घालायचा जुना सल्लाही मेकॅनिकल पंपाच्या जमान्यातला, कॉमन रेलचा पंप त्याने घासला जातो. आणि चालू कॉमन रेल इंजिनात नोझलचा पाइप सैल करून ‘डिझेल येतं का’ बघू नका. जुन्या पंपावर ते चालायचं. इथे दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. तसं झालंच तर जखम केवढीशी दिसते ते न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

तुमच्या जागी मी उद्या सकाळी मीटरचे दोन आकडे घेईन, मागे धूर बघायला कुणाला तरी उभं करीन आणि परवा प्रायमर दाबून सुरू करीन. त्याच आठवड्यात एक दिवस गाडी उन्हात आठ तास उभी ठेवीन. हे चार निकाल कागदावर लिहून मेस्त्रीला द्या. बॅटरी सेल्फवर ९.६ च्या खाली पडली तर ती बदला, त्यात वाद नाही. प्रायमर पोकळ लागला तर आधी फिल्टरच्या रिंगा. शेवटी नोझलवर यायची वेळ आलीच, तर चारही नोझलचा रिटर्न एकाच वेळी चार बाटल्यांत मोजून मागा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तरच ते नोझल काढायचं, वॉशर नवीन घालायचा, आणि नोझल बदललं तर त्यावर कोरलेला कोड ईसीयूमध्ये भरून घेतला का, हे बिल देण्याआधी विचारायचं.